हरिभाऊंची दोन शहरे आणि आमचा हेंद्रेपाडा

गेल्या वर्षी भूगोलाच्या प्रात्यक्षिकासाठी आम्हा विद्यार्थ्यांना आपापल्या वस्तीचा नकाशा काढावयाचा होता. मी अर्थातच आमचा हेंद्रेपाडा घेतला. चार रविवार टेप आणि वही घेऊन गल्ल्या मोजल्या. इमारती, दुकाने, देवळे, विजेचे खांब, जमिनीचा उतार, पावसाळ्यात पाणी तुंबते त्या जागा, सारे टिपले. उत्तर दिशेचा बाण काढताना एक गंमत ध्यानात आली. पत्त्यात आम्ही बदलापूर पश्चिमेला राहतो. पण होकायंत्र ठेवून पाहिले तर स्टेशनपासून आमचा भाग ईशान्येच्या बाजूला पडतो. कारण साधे आहे. मुंबईहून निघाल्यावर रुळांची डावी बाजू ती पश्चिम, अशी सवय पडली. कल्याणनंतर कर्जतकडचा मार्ग आग्नेयेला वळला, पण नाव काही वळले नाही. अशक्य गोष्टीसाठी लोक सूर्य पश्चिमेला उगवण्याचा दाखला देतात. आमच्याकडे तो रोज सकाळी पश्चिमेलाच उगवतो!

नकाशा पुरा झाल्यावर मोठ्या ऐटीत आईला दाखविला. तिने तो बराच वेळ न्याहाळला आणि यात मी कुठे आहे, असे विचारले. मी आमच्या इमारतीवर बोट ठेवले. ती हसली. तिला इमारत विचारावयाची नव्हती. मग तिने सांगितले ते ऐकून मी गप्प झालो. रात्री कामावरून परतताना कोणत्या वळणावर दिवा नसतो, कुठे रस्ता ओलांडून पलीकडच्या बाजूने चालावे लागते, कोणत्या दुकानाचे शटर उघडे असले म्हणजे धीर येतो, हे तिला पाठ होते. त्यातले काहीही माझ्या नकाशात नव्हते. उलट माझ्या नकाशातील अर्धी ठिकाणे तिने कधी पाहिलेली नव्हती. उल्हास नदी घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. ती या पाड्यात एकोणीस वर्षे राहते आहे आणि एवढ्या काळात तिने नदी दोनदा पाहिली; त्यातही एकदा, जुलै २०१९ च्या पुरात, नदीच आमच्या गल्लीच्या तोंडाशी आली होती म्हणून.

त्याच दिवसांत मराठीच्या अभ्यासासाठी हरि नारायण आपटे यांची 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी वाचीत होतो. सव्वाशे वर्षांहून जुने पुस्तक. कर्तव्य म्हणून उघडले होते. परंतु वाचता वाचता वाटू लागले की आईचा तो न काढलेला नकाशा या माणसाला काढता येत होता. तो त्याला कसा साधला, हे शोधण्यासाठी मी हरिभाऊंच्या चरित्राकडे वळलो. या लेखात तेच सांगावयाचे आहे.

हरिभाऊंचा जन्म ८ मार्च १८६४ रोजी खानदेशात पारोळे येथे झाला. आई लहानपणीच गेली. त्यांचे संगोपन मुख्यतः चुलते महादेव चिमणाजी आपटे यांच्या घरी झाले. हे महादेवराव मुंबईत वकिली करीत, त्यामुळे हरिभाऊंचे बालपण मुंबईत गेले. ती मुंबई कोणती हे आपण डोळ्यांपुढे आणले पाहिजे. किल्ल्याच्या भिंती नुकत्याच पाडल्या गेल्या होत्या. कापसाच्या व्यापारात पैसा उसळून गेला होता आणि समुद्र हटवून नवी जमीन तयार होत होती. विहार तलावाचे पाणी १८६० पासून शहरात येऊ लागले होते. १८७४ साली घोड्यांची ट्राम सुरू झाली तेव्हा हरिभाऊ दहा वर्षांचे होते. १८७२ च्या शिरगणतीत मुंबईची वस्ती सव्वासहा लाखांच्या वर भरली. दहा ठिकाणांहून आलेली माणसे येथे शेजारी राहत. कोण कुठे जातो, कुणाबरोबर जातो, यावर नजर ठेवणारे भाऊबंद गावाकडे राहिलेले असत.

१८७८ साली हे बिऱ्हाड पुण्यास आले. हरिभाऊ तेव्हा चौदा वर्षांचे. पुणे त्या वेळी लाखाच्या घरात वस्ती असलेले, मुठेकाठी पेठापेठांत वसलेले शहर. वाड्याला मोठा दरवाजा, आत चौक, मग ओसरी, माजघर, स्वयंपाकघर, आणि मागे परसदार. पुरुषमंडळींची ये-जा पुढल्या दाराने, बायकांचा दिवस मागल्या अंगाला. पेठेत प्रत्येक जण प्रत्येकाला ओळखणार. लहानपण एका शहरात आणि उमलते वय दुसऱ्या शहरात, असे ज्याचे होते त्याला दोन्ही शहरांच्या रीतींची तुलना कुणी शिकवावी लागत नाही. आपल्यापैकी जे मुंबईच्या चाळीतून बदलापूरला राहावयास आले, त्यांना हे लगेच पटेल.

जानेवारी १८८० मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी न्यू इंग्लिश स्कूल काढले. टिळक आणि आगरकर यांचेही नाव त्या शाळेशी कायमचे जोडले गेले. हरिभाऊ या शाळेचे विद्यार्थी. १८८२ साली विष्णुशास्त्री अकाली वारले तेव्हा या अठरा वर्षांच्या शिष्याने 'शिष्यजनविलाप' हे शोककाव्य लिहिले. १८८३ मध्ये ते मॅट्रिक झाले, पुढे कॉलेजात गेले. पण पदवी पदरी पडली नाही. इंग्रजी वाचन मात्र अफाट होते. स्कॉट, डिकन्स, रेनॉल्ड्स यांच्या कादंबऱ्यांनी त्या पिढीला वेड लावले होते. डिकन्सचे लंडन वाचणाऱ्याला त्या शहराचे धुके, चिखल आणि तुरुंग ठाऊक होतात, तो कधी बोटीत बसलेला नसला तरी. आपल्या शहराचे असे दर्शन आपल्या भाषेत का असू नये, हा विचार त्या वाचनातून आला असावा, असे मला वाटते.

कारण त्यापूर्वीची मराठी कादंबरी आठवून पाहा. 'मुक्तामाला' (१८६१) किंवा 'मंजुघोषा' (१८६८) यांतील राजपुत्र, अरण्ये आणि महाल कोणत्याही नकाशावर सापडावयाचे नाहीत. बाबा पदमनजींच्या 'यमुनापर्यटन'चा (१८५७) अपवाद मानावा लागेल; विधवांच्या दुःखाचा माग काढीत ती कादंबरी आपल्याच मुलखात फिरली होती. परंतु ती वाट पुढे बरीच वर्षे ओस पडली. १८८५ साली 'पुणे वैभव' पत्रातून हरिभाऊंची 'मधली स्थिती' क्रमशः येऊ लागली. लेखकाचे वय एकवीस. जुने सुटलेले आणि नवे न पचलेले असे पुण्याचे समाजजीवन तिच्यात होते. वाचणाऱ्याला आपलीच पेठ छापून आल्यासारखे वाटले असले तर नवल नाही.

ऑक्टोबर १८९० मध्ये हरिभाऊंनी 'करमणूक' हे साप्ताहिक सुरू केले आणि १९१७ पर्यंत चालविले. 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी १८९० ते १८९३ या काळात त्यातूनच प्रकरणाप्रकरणाने प्रसिद्ध झाली. पुण्यात छापलेला अंक टपालाने आणि आगगाडीने दूरच्या गावी पोचे. ज्यांनी पुणे-मुंबई पाहिली नव्हती त्यांना दर आठवड्यास त्या दोन शहरांची थोडी थोडी ओळख होत गेली.

कादंबरी यमू नावाच्या मुलीच्या आत्मकथनाच्या रूपाने लिहिली आहे. कथा बहुतेकांना माहीत असेल, म्हणून ती पुन्हा सांगत बसत नाही. फक्त यमू कुठे कुठे जाऊ शकते एवढेच पाहू. लहानपणी तिला घर आणि अंगण मोकळे आहे. लग्न झाल्यावर सासरचे मोठे घर मिळते, पण तिची जागा आकसते. माणसे पुष्कळ आणि तिला हक्काचा कोपरा एकही नाही. नवऱ्याशी दिवसा मोकळेपणी दोन शब्द बोलण्याची सोय नाही. घर क्षेत्रफळाने मोठे आणि यमूसाठी तेवढेच लहान! पुढे नवरा रघुनाथराव तिला मुंबईस नेतो. तेथले बिऱ्हाड वाड्यापुढे काहीच नव्हे. पण त्या लहानशा जागेत ती वाचू लागते, नवऱ्याशी बरोबरीने बोलते, त्याच्या स्नेह्यांच्या कुटुंबांत मिसळते, बाहेर फिरावयास जाते. मग रघुनाथराव जातो. यमूला पुन्हा पुण्यास यावे लागते आणि त्याच घरात तिच्या इच्छेविरुद्ध तिचे केशवपन होते. तिच्या आयुष्याचा नकाशा प्रथम मिटत, मग उमलत आणि शेवटी एका कोपऱ्याएवढा होत जातो.

पुणे ते मुंबई हा लोहमार्ग आपल्या दारावरून जातो. मुंबई-ठाणे गाडी १८५३ साली धावली. १८५४ मध्ये रूळ कल्याणला आले. १८५६ मध्ये आपल्या भागातून पुढे घाटाच्या पायथ्याशी पळसदरीपर्यंत गेले. १८५८ मध्ये खंडाळ्याहून पुण्यापर्यंतचा तुकडा तयार झाला आणि १८६३ मध्ये बोरघाट चढून दोन्ही टोके जुळली. हरिभाऊंचा जन्म त्याच्या पुढच्याच वर्षीचा. म्हणजे त्यांची पिढी ही या मार्गावर दोन शहरांत जगणारी पहिली पिढी. भूगोलाच्या पुस्तकात या मार्गाचे अंतर मैलांत असते, चढ किती आणि बोगदे किती ते असते. यमूच्या हिशेबी ते अंतर वेगळे होते. घाट उतरला की ती माणसात आली, आणि घाट चढून परत गेली तेव्हा माणसातून उठली. हे अंतर कोणत्याही वेळापत्रकात मिळणार नाही, पण ते खरे नव्हते असे कोण म्हणेल?

आमच्या मॅडमनी वर्गात सांगितले होते की यी-फू तुआन या भूगोलज्ञाने १९७७ साली आपल्या ग्रंथात अवकाश आणि स्थान यांत भेद केला. नुसती मोकळी जागा हे अवकाश. माणसाच्या अनुभवाने, ओळखीने, मायेने वा भीतीने तिला अर्थ आला की ते स्थान होते. हे मी परीक्षेत लिहून गुणही मिळविले. पण कळले ते यमूमुळे. आणखी एक गोष्टही तिच्यामुळेच कळली. एकाच जागेची अनेक स्थाने असतात. यमूच्या सासरच्या घरात पुरुषांचे पुणे होते आणि माजघरात बायकांचे पुणे होते. मध्ये भिंत एकच. नकाशा काढणारा भिंत दाखवितो. तिच्या दोन बाजूंना दोन निराळी शहरे आहेत, हे कादंबरीकार सांगतो.

हे सारे हरिभाऊंनी केवळ कल्पनेने रचले असे मात्र समजू नये. त्यांचा पाय शहराच्या जमिनीवर होता. महादेवरावांनी १८८८ साली पुण्यात आनंदाश्रम ही संस्था स्थापन केली. संस्कृत हस्तलिखिते जमवावी, ग्रंथ शुद्ध करून छापावे, हे तिचे कार्य. हरिभाऊ तिचे व्यवस्थापक झाले आणि आयुष्याची पुढची वर्षे त्यांनी तिच्या आवारात काढली. अप्पा बळवंत चौकाजवळ ती वास्तू आजही उभी आहे. पुस्तके घ्यावयास त्या चौकात आपण सारेच जातो; पुढच्या खेपेस चार पावले वळून ती जरूर पाहावी. पोथ्यांच्या सान्निध्यात बसून हा माणूस विधवांच्या छळाच्या कथा लिहीत होता, ही त्या आवाराची मला वाटणारी मोठी नवलाई आहे.

याशिवाय त्यांनी पुणे नगरपालिकेत काम केले आणि तिचे अध्यक्षपदही सांभाळले. कादंबरीकार आणि नगरपालिका, ही जोडी आज आपल्याला विचित्र वाटते. विचार केला तर ती स्वाभाविक आहे. ज्याला कोणत्या आळीत गटार तुंबते, कोणत्या हौदाला पाणी कमी येते हे पाहावे लागते, त्याला शहराच्या पोटातले दुखणे कळते. हरिभाऊंच्या डोळ्यांदेखत १८९६-९७ च्या प्लेगने मुंबई आणि पुणे दोन्ही शहरे हवालदिल केली. घरे तपासली गेली, माणसे उठवून छावण्यांत नेली गेली, वस्त्या ओस पडल्या. आपले वाटणारे घर एका आठवड्यात परके होऊ शकते, हे त्या पिढीने पाहिले.

त्यांनी ऐतिहासिक कादंबऱ्याही पुष्कळ लिहिल्या. 'उषःकाल' आणि 'गड आला पण सिंह गेला' ही नावे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असतात. १९१२ साली अकोल्याच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. ३ मार्च १९१९ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. पंचावन्न वर्षे पुरी व्हावयास पाच दिवस कमी होते.

आता त्यांची मर्यादाही सांगितली पाहिजे, नाहीतर हे चरित्र आरतीसारखे होईल. हरिभाऊंचे पुणे हे मुख्यत्वे पांढरपेशा ब्राह्मण घरांचे पुणे आहे. त्याच पुण्यात महात्मा फुल्यांनी १८४८ साली मुलींची शाळा काढली होती आणि १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापन केला होता. त्या पुण्याला यमूच्या कथेत फारशी जागा नाही. मुंबईत गिरण्यांचे भोंगे वाजत होते, कोकणातून आणि घाटावरून हजारो माणसे येऊन एकेका खोलीत दाटीने राहत होती. तेही त्यांच्या मुंबईत ऐकू येत नाही. ते ऐकावयास मराठी वाचकाला मामा वरेरकरांच्या 'धावता धोटा' (१९३३) पर्यंत थांबावे लागले. झोपडपट्टीसाठी जयवंत दळवींचे 'चक्र' (१९६३) आणि नाक्यावरच्या रिकामटेकड्या पोरांसाठी भाऊ पाध्यांचा 'वासूनाका' (१९६५) यावा लागला. कोणतीही एक कादंबरी संपूर्ण शहर देत नाही. ती एका माणसाच्या पावलांनी गाठता येईल तेवढे शहर देते. म्हणून भूगोलाच्या विद्यार्थ्याने एका कादंबरीवर विसंबू नये, चार वाचाव्या. आणि कोणाचे शहर अजून लिहिले गेलेले नाही, हेही विचारावे.

हा प्रश्न विचारला की मला आमच्या गावाकडे पाहावे लागते. २००१ च्या जनगणनेत कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या लाखाच्या आत होती. २०११ मध्ये ती पावणेदोन लाखांच्या आसपास गेली. दहा वर्षांत एवढी माणसे आली. कुणी परळची खोली विकून, कुणी विदर्भ-मराठवाड्यातून नोकरीसाठी. यांतल्या पुष्कळांसाठी बदलापूर म्हणजे झोपण्याची जागा; दिवस जातो तो लोकलमध्ये आणि मुंबईत. मीही असेच म्हणत असे की आमच्या गावाला सांगण्यासारखे काही नाही. पण यमूच्या घरातही सांगण्यासारखे काय होते? कुणी राजा नव्हता, लढाई नव्हती. माजघर होते, आणि त्यात काय चालते ते लक्षात घेणारा एक लेखक होता. कादंबरीच्या नावातला प्रश्न मला आता भूगोलाचाही प्रश्न वाटतो.

म्हणून मी प्रात्यक्षिकाच्या वहीत दुसरा नकाशा काढला, आई सांगेल तसा. घर, वाण्याचे दुकान, दिवा नसलेले वळण, रिक्षांची रांग, स्टेशनचा पूल, महिलांच्या डब्याची फलाटावरची जागा. एवढे झाल्यावर कागदाचा बराचसा भाग कोराच राहिला. तो मी तसाच ठेवला. पहिल्या नकाशात त्याच जागी नदी, शाळा, मैदान, चौपाटी सारे भरगच्च होते. दोन्ही नकाशे शेजारी शेजारी लावले तेव्हा मॅडम बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी वर्गातल्या प्रत्येकाला घरी जाऊन असा एक नकाशा काढावयास सांगितले.

त्या कोऱ्या कागदाचे मला वाईट वाटले, हे कबूल करतो. एकोणीस वर्षे जी माझ्या फीसाठी लोकलने उभी राहून गेली, तिच्या वाट्याला गाव एवढेच आले होते, आणि भूगोल शिकणाऱ्या मुलाला ते ठाऊक नव्हते. गेल्या महिन्यात एका रविवारी संध्याकाळी आम्ही दोघे नदीवर गेलो. ती काठावर बसून पाण्याकडे पाहत राहिली. परतताना तिने मला एक वाट दाखविली. वर्षांपूर्वी शेजारणीकडून ऐकलेली, पण कधी न चाललेली. ती वाट माझ्या नकाशात नव्हती.

मित्रहो, हरिभाऊ आपटे हे परीक्षेत टीप लिहिण्यापुरते नाव नव्हे. वाचनालयात त्यांची कादंबरी आहे. ती घ्या, आणि वाचून झाली की घरी आईला, आजीला, बहिणीला त्यांचा नकाशा विचारा. आपल्यापैकीच कुणीतरी उद्या बदलापूरची कादंबरी लिहील. त्याला वा तिला हे कोरे कागद उपयोगी पडतील.

— एक विद्यार्थी, तृतीय वर्ष कला